आईची खोली, अकरा मोबाइल

१२ जुलै, शनिवार

बसवला एकदाचा!

दुपारी दोन ते सहा. एवढ्याशा कॅमेऱ्याच्या डबीसाठी चार तास. फडताळाच्या वर लावणार होते, तिथून दार, पलंग, गॅस सगळं एका नजरेत येतं. पण तिथे बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. आई म्हणाली, “त्यांच्या डोक्यावर नाय लावायचा.” मग खाली टीव्हीच्या शेजारी. दार दिसतं, पलंग दिसतो, आईची खुर्ची समोरासमोर दिसते. गॅस अर्धाच. मोरी नाही, आणि ती दिसायला नकोच.

गेल्या महिन्यात आईची साखर उतरली आणि ती दारातच कोसळली. शेजारची रमाबाई कोथिंबीर मागायला आली म्हणून सापडली, नाहीतर काय झालं असतं! तिनेच साखरपाणी पाजलं, तिनेच मला फोन केला. मी अँटॉप हिलहून पोचेपर्यंत आई उठून तिला चहा करून देत होती. पण राजरत्नने त्याच दिवशी ठरवून टाकलं — आईला खारघरला न्यायचं, त्याच्या पंधराव्या मजल्यावर. धाकटा भाऊ असून हुकूम सोडतो. आई म्हणाली, “डिलाईल रोडवरनं मला न्यायचं तर उचलूनच न्या.” तीन दिवस रडारड. शेवटी तह झाला. कॅमेरा लावायचा, आम्ही दोघांनी लक्ष ठेवायचं. दिवाळीपर्यंत सगळं ठीक दिसलं तर आई इथेच राहील. पुन्हा पडली तर तो गाडी घेऊन येणार.

म्हणजे आईचं इथे राहणं आता या डबीवर आहे. मी नीट करणार. ऑफिसात हजेरीच्या मशीनचं सगळं माझ्याकडे असतं, दीडशे माणसांचे अंगठे सांभाळते मी. कॅमेऱ्याबरोबर आलेला कंपनीचा पासवर्ड आधी बदलला. नवा ठेवला तो कुणाच्या बापाला ओळखता यायचा नाही. ओनर म्हणून माझा नंबर. बाकीच्यांना ‘पाहुणा’ म्हणून जोडायचं, म्हणजे चित्र दिसेल, आवाज जाणार नाही, जुनं रेकॉर्डिंग उघडणार नाही. असं व्यवस्थित करायचं.

१३ जुलै, रविवार

अँटॉप हिलला माझ्या खोलीत बसून आई दिसली! कॅमेऱ्यापुढे उभी राहून त्याच्या हिरव्या दिव्याकडे बघत होती. बराच वेळ. मग पदराने डबीवरची धूळ पुसली.

१५ जुलै

डोक्याला ताप. घरच्या ग्रुपवर राजरत्नने सांगून टाकलं की आईचा कॅमेरा लागला. झालं! आत्या, आत्याची दोन मुलं, चुलत्यांची सून, सगळ्यांना आई बघायची आहे. पाहुणा म्हणून जोडायचं तर प्रत्येकाने ॲप घ्यायचं, खातं उघडायचं, ओटीपी टाकायचा. आत्याचा पाच वेळा फोन — “आला गं नंबर, आता ह्याचं काय करू?” साहेब समोर बसलेले, आणि मी फोनवर आत्याला सांगतेय की ओटीपी मोठ्याने वाचू नका.

शेवटी कंटाळून माझाच नंबर आणि पासवर्ड ग्रुपवर टाकला. घरचेच तर आहेत सगळे. मागच्याच महिन्यात एका शिपायाने आपला पासवर्ड दुसऱ्याला दिला म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. असू दे. ऑफिस वेगळं, घर वेगळं.

१९ जुलै

आईने ठेवणीतली जांभळी साडी काढलीय. घरात! सकाळी साडेआठला बघितलं तर केस विंचरून, साडी नेसून, खुर्चीत ताठ बसलेली. कॅमेऱ्याकडे तोंड. साडेअकराला बघितलं — तशीच. दीडला जेवली, तेही ताट मांडीवर घेऊन तिथेच.

कॅमेऱ्यातून बोलता येतं. मी म्हटलं, “आई, आडवी हो की जरा.” दचकली बिचारी. मग हात जोडून डबीला म्हणाली, “जय भीम.” माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, हसू पण आलं. मग तिने गोळीचं पाकीट कॅमेऱ्यापुढे धरलं, गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि तोंड उघडून दाखवलं. दवाखान्यात लहान मुलं दाखवतात ना, तसं.

“आई, असं दाखवायला नको गं.”

“मग राजरत्नला कसं कळणार?”

२४ जुलै

पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने चाळीतल्या बायका दररोज चार वाजता ग्रंथवाचनाला आईच्या खोलीत बसतात. आईचे गुडघे गेलेत, तिसऱ्या माळ्यावरून खाली विहारात जाणं तिला होत नाही, म्हणून विहारातलं वाचन बायकांनी वर आणलं. तीन वर्षं झाली याला. आज ऑफिसात चार वाजता चहा घेताना ॲप उघडलं. आठ-नऊ जणी, दोन चटया, मधे ग्रंथ. रमाबाई वाचते. ती आठवीपर्यंत शिकली आणि सगळ्यांत स्वच्छ वाचते. आई डोळे मिटून ऐकते, मधे मधे मान हलवते. तेवढा एक तास तिचं कॅमेऱ्याकडे लक्ष नव्हतं.

मी लहान असताना अप्पा गिरणीतून पाळी संपवून आले की अंगावरचा कापूस झटकत दारात उभे राहायचे आणि आत बायका बसलेल्या असल्या की तिथेच गॅलरीत बसून राहायचे. वाचन संपेपर्यंत आत पाऊल टाकायचे नाहीत. ते आज आठवलं. चहा गार झाला.

३१ जुलै

वाचन संपलं, बायका गेल्या, रमाबाई मागे राहिली. मी ॲप बंद करणार होते. नाही केलं. कानात इअरफोन होते.

रमाबाईच्या अजितची नोकरी मार्चमध्येच गेलीय. रमाबाईशिवाय घरात कुणाला माहीत नाही. त्याच्या बायकोलासुद्धा नाही. रोज डबा घेऊन साडेआठला निघतो आणि वडाळ्याला बागेत बसून राहतो. संध्याकाळी सातला रिकामा डबा घेऊन परत. एकदा डबा तसाच भरलेला परत आला, तेव्हा रमाबाईपुढे कबूल झाला. “कमळाताय, सूनबायला कळलं तर ती माहेरी जाईल ओ. त्याचा सासरा लय कडक हाय. दुसरं काम लागूस्तोवर तुमी कुणाला बोलू नका.” आणि रमाबाई रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिचा नवरा गेला तेव्हाही नाही.

आई म्हणाली, “इथलं इथंच राहील.”

आणि मी सगळं ऐकत होते! वडापाव खात.

३ ऑगस्ट, रविवार

साफसफाई. दुपारी दर्शनाशी तासभर फोन. भाऊ असा असला तरी भावजय बोलकी आहे. आईच्या तब्येतीचं, त्यांच्या सोसायटीतल्या पाण्याचं, अजितचं, इकडचं तिकडचं. कपाटात जुनं स्वेटर सापडलं, कसर लागलेलं.

१४ ऑगस्ट

वाईट झालं. फारच वाईट.

अजितच्या सासरी कळलं. आज सकाळी सासरा आला, गॅलरीत उभा राहून अख्ख्या माळ्याला ऐकू जाईल असं बोलला — पाच महिने आमच्या मुलीला फसवलंत, बागेत बसून डबा खातो हा! अजितची बायको बॅग घेऊन बापाबरोबर निघून गेली. अजित दाराला टेकून उभा होता म्हणे.

मग रमाबाई आईच्या दारात आली. हे मी रेकॉर्डिंगमध्ये बघितलं, संध्याकाळी. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “कमळाताय, मी फक्त तुमाला सांगितलं होतं.”

आई म्हणाली, “बाबासाहेबांची आण घेते. माझ्या तोंडून नाय गेलं.”

मग रमाबाईची नजर फिरली आणि सरळ माझ्याकडे आली. म्हणजे कॅमेऱ्याकडे. गेली.

आई उठली, दार लावलं. आमच्या चाळीत दिवसाढवळ्या कुणी दार लावत नाही.

१६ ऑगस्ट

चार वाजले. आईने चटया घातल्या. ग्रंथ पाटावर ठेवला. दार सताड उघडं. सव्वाचार. साडेचार. कुणी नाही.

वाचन विहारात गेलं म्हणे. खाली. तीन माळे खाली!

पाचला आईने चटया गुंडाळल्या आणि खुर्चीत येऊन बसली. मी ऑफिसातून बोलले, “आई, जेवलीस का?” मूर्खासारखं. चार-पाचच्या सुमाराला कोण जेवतं.

१८ ऑगस्ट

आज पहिल्यांदा ॲपमधली यादी नीट उघडून बघितली. अकरा मोबाइल! अकरा जण माझ्या नंबराने आत. अकराही जण ओनर! पाहुणा कुणीच नाही. आवाज सगळ्यांना, रेकॉर्डिंग सगळ्यांना. यातले तीन मोबाइल कुणाचे ते मला अजून कळलेलं नाही. एक बहुतेक आत्याच्या नातवाचा, तो शाळेत घेऊन जातो. आई पलंगावर कूस बदलते ती बाकीचे दहा जण बघत होते, आणि दीडशे माणसांचे अंगठे सांभाळणारी मी चहा पीत होते.

सगळे काढले. पासवर्ड बदलला. एकेक मोबाइल काढताना ॲप विचारतं, ‘नक्की काढायचा?’ नक्की! नक्की! नक्की! नऊ वेळा. फक्त राजरत्न ठेवला, तोही पाहुणा म्हणून, बिनआवाजाचा. अकरावा मी.

दहा मिनिटांत ग्रुप पेटला. आत्या — “आम्ही परके झालो काय?” राजरत्न — “ओनर तूच का? आई काय तुझ्या एकटीची आहे?” मी म्हटलं, कुणीतरी आतलं बाहेर नेलंय, ते आधी शोधू दे. आणि मला ठाऊक होतं कुणी. दर्शनाची मावशी कल्याणला, अजितची सासरवाडी कल्याणला. सरळ दर्शनाला फोन लावला. नको ते बोलले. दुसऱ्याच्या घरात कान लावून बसतेस, लाज नाही वाटत, असं सगळं.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ताई, मी ते ॲप कधी उघडलं पण नाही. मला तुम्हीच सांगितलंत.”

१९ ऑगस्ट

मागची पानं चाळली. तीन ऑगस्ट. माझ्याच अक्षरात आहे. पाण्याच्या आणि स्वेटरच्या मधे — ‘अजितचं’.

एवढंच लिहिलंय. मला आठवतही नव्हतं! मी काही वाईट बुद्धीने नाही बोलले. हळहळूनच बोलले असणार, की बघ ना बिचाऱ्या रमाबाईवर काय वेळ आली. दर्शनाने तसंच हळहळून मावशीला सांगितलं. मावशीने तसंच हळहळून पुढे.

ऑफिसला गेले नाही आज. तापाचं कारण कळवलं.

२४ ऑगस्ट, रविवार

रमाबाईकडे गेले. तिचं दार उघडं होतं, अजित जमिनीवर बसून लसूण सोलत होता. मला बघून उठला आणि बाहेर गॅलरीत गेला.

मी सगळं सांगितलं. मीच ऐकलं, मीच बोलले, आईचा काही दोष नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तांब्याभांडं पुढे केलं. “पाणी घे आधी.” मग म्हणाली, “तू माझ्या मांडीवर झोपलेली पोर. तुला काय बोलू मी?”

मी म्हटलं, “मग चार वाजता याल ना? आईसाठी?”

तिने अजितने ठेवलेला लसूण पुढ्यात ओढला. “प्रिती, तिथं बसलं की आता ध्यान वाचनात नाय लागत गं. मी पण म्हातारी झाले. मन मोकळं करायला माझ्याकडं तेवढीच एक जागा होती.”

पाणी नको होतं. तरी प्यायले सगळं.

३० ऑगस्ट

चार ते पाच कॅमेरा आपोआप बंद होईल असं वेळापत्रक लावलं. सगळ्या माळ्यावर सांगितलं. मोबाइल उघडून दाखवलं बायकांना — हे बघा, काळं दिसतं. “हो हो,” म्हणाल्या. एक म्हणाली, “आपल्याला काय कळतंय त्यातलं, बाय. तुमी म्हणाल ते.”

कुणी आलं नाही.

७ सप्टेंबर

आईचे पाय सुजलेत. घोट्याशी बोट दाबलं तर खळगा राहतो. डॉक्टर म्हणाले, दिवसभर पाय खाली सोडून बसू नका, चाला, पडा, हिंडा-फिरा. घरी परत येताना आई जिन्यात थांबली आणि म्हणाली, “पडले तर दिसंल ना.”

तेव्हा कुठे मला कळलं. ती पलंगावर आडवी का होत नाही ते! आडवी दिसली तर आजारी दिसेल, आणि आजारी दिसली तर नेतील. माझी आई दोन महिने रोज दहा-दहा तास ताठ बसून परीक्षा देतेय. आणि पेपर काढणारी मी.

१४ सप्टेंबर

ॲपमध्ये कोण कधी बघतं त्याचीही नोंद असते, ती आज सापडली. राजरत्नने शेवटचं बघितलं २ ऑगस्टला. चाळीस सेकंद. त्याआधी जुलैमध्ये तीनदा.

आई संध्याकाळी फोनवर म्हणाली, “राजरत्न बघतो ना गं? मी आज पिवळी नेसलेली, त्यानेच घेतलेली.”

मी म्हटलं, “बघतो. म्हणत होता छान दिसते.”

२१ सप्टेंबर, रविवार

काढला.

वायर ओढली, डबी काढली, पिशवीत टाकली. भिंतीला स्क्रूची दोन भोकं राहिली. आई घाबरली — “अगं राजरत्न काय म्हणेल!” तिथूनच त्याला फोन लावला, स्पीकरवर. भांडण झालं ते माळ्याने ऐकलं असेल. ऐकू दे. मी म्हटलं, तू सात आठवड्यांत एकदाही उघडलं नाहीस, कशाला पाहिजे तुला कॅमेरा? आई कुठेही जाणार नाही. ती म्हणेल तेव्हाच जाईल.

तो म्हणाला, “मग तूच जाऊन राहा ना तिथे! तू तर एकटीच आहेस.”

याचं उत्तर माझ्याकडे आहे. पण तिथे आईसमोर कसं बोलणार? इथे लिहिते. मला नाही राहायचं तिथे. अकरा वर्षं अर्ज करून मला अँटॉप हिलचं ते क्वार्टर मिळालं. आत स्वतःचा संडास आहे. दार लावलं की लागतं. डबा घेऊन रांगेत उभं राहण्यात माझी तीस वर्षं गेली. मी आईवर जीव टाकते, आणि मला तिच्याबरोबर राहायचं नाही. दोन्ही खरं आहे. लिहून टाकलं.

शेवटी राजरत्न म्हणाला, “तुझी जबाबदारी. परत फोन करून रडू नकोस.” आणि ठेवला.

म्हणजे जिंकले मी! आई इथेच राहणार. निघताना दार सताड उघडं ठेवून आले. आई पलंगावर आडवी झालेली. खूप दिवसांनी.

२८ सप्टेंबर

आज चारला मी तिथेच होते. चटया मी घातल्या. आई म्हणाली, “कशाला?” तरी घातल्या.

खालून विहारातला आवाज येतो. शब्द कळत नाहीत, रमाबाईचा सूर तेवढा कळतो. आई दाराशी खुर्ची घेऊन बसली. मी ग्रंथ उघडून वाचायला लागले. चार ओळी झाल्या आणि आई म्हणाली, “राहू दे. तू घाई करतेस.”

२ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून खाली निघाल्या. आईही पांढरी नेसून दारात उभी राहिली. जाणारी प्रत्येक जण थांबून म्हणत होती, “जय भीम, कमळाताय.” आई, “जय भीम, जय भीम.” रमाबाईने तर हात हातात घेतला. तब्येत विचारली. पाय बघितले. “मीठ कमी खा,” म्हणाली.

पण आत कुणी आलं नाही. माया कमी नाही झालेली कुणाची. फक्त उंबरा ओलांडायची सवय मोडलीय. आता कॅमेरा नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एकीची नजर टीव्हीच्या शेजारी गेलीच.

७ ऑक्टोबर

वर्षावास संपला. खालून वाटीभर खीर आली. आईने अर्धी मला ठेवली होती, ती तशीच फ्रीजमध्ये आहे म्हणाली.

९ ऑक्टोबर

आईनेच राजरत्नला फोन केला. स्वतःहून. मला नंतर सांगितलं. रविवारी तो गाडी घेऊन येतोय, बॅग भरून झाली.

मी म्हटलं, “आई, कॅमेरा काढला ना! आता तुला कुणी नेत नाही गं.”

“कोण नेत नाय. मीच जाते.” मग म्हणाली, “इथं चार वाजले की मी दाराकडं बघते, प्रिती. तिथं कोण येणारच नाय. वाट तरी बघायला नको.”